छेद लहान, शस्त्रक्रिया तेवढीच मोठी: स्त्रीरोगांवरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे एका रुग्णाने केलेले परीक्षण

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची भलामण बहुतेक वेळा छेदाच्या लांबीवरून केली जाते. अर्ध्या ते एक सेंटीमीटरचे तीन-चार छेद, कमी वेदना, कमी रक्तस्राव, रुग्णालयातून लवकर सुट्टी आणि पोटावर जेमतेम दिसणारे व्रण, अशी ती यादी असते. गर्भाशयाच्या भिंतीतील फायब्रॉइडची (स्नायूंची, कर्करोग नसलेली) मोठी गाठ याच पद्धतीने काढून घेतल्यामुळे यादीतील बहुतेक गोष्टी खऱ्या असल्याचे मी सांगू शकते. तरीही या सेवेचे मोल ठरवताना छेदाची लांबी हा निकष मला अपुरा, किंबहुना दिशाभूल करणारा वाटतो. छेद हा आत जाण्याचा मार्ग आहे. आत गेल्यावर गाठ सोलावीच लागते, रक्तवाहिन्या बंद कराव्याच लागतात, गर्भाशयाची भिंत थराथराने शिवावीच लागते, आणि हे काम पोट उघडून केले काय किंवा दुर्बिणीतून केले काय, तेवढेच मोठे असते.

पद्धत थोडक्यात अशी आहे. संपूर्ण भूल दिल्यानंतर बहुधा बेंबीतून सुई किंवा नळी आत घालून पोटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड भरला जातो. त्यामुळे पोटाची भिंत आतड्यांपासून वर उचलली जाते आणि काम करायला जागा मिळते. हाच वायू वापरतात, कारण तो पेट घेत नाही, त्यामुळे विजेवर चालणारी उपकरणे वापरता येतात, आणि तो रक्तात सहज विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. पोटातील दाब साधारणतः पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरइतका राखतात. टेबल डोक्याच्या बाजूने खाली झुकवले जाते, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळे होते. मग बेंबीतील नळीतून दुर्बीण, बाजूच्या छेदांतून लांब दांड्यांची उपकरणे आणि शल्यचिकित्सकाची नजर समोरच्या पडद्यावर. पडद्यावर चित्र मोठे आणि खोलातले दिसते, आणि हा फायदा मी छेदाच्या आकारापेक्षा वरचा मानते. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोबणीतील एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा) बारीक डाग उघड्या पोटात वरून पाहताना निसटू शकतो. दुर्बीण जवळ नेल्यावर तो सापडण्याची शक्यता कितीतरी वाढते. तोटा असा, की हाताचा स्पर्श जातो. भिंतीत दडलेल्या लहान गाठी बोटांना जशा जाणवतात तशा उपकरणाच्या टोकाला जाणवत नाहीत. म्हणूनच या पद्धतीत शस्त्रक्रियेपूर्वीची सोनोग्राफी किंवा एमआरआय अधिक काटेकोर असावी लागते.

या तंत्राला नवे म्हणण्याची पद्धत आहे, पण त्याला शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. स्टॉकहोमचे हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसाच्या पोटाच्या पोकळीत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीची नोंद प्रसिद्ध केली. पोटात वायू भरण्यासाठी आजही वापरली जाणारी स्प्रिंगची सुई हंगेरीच्या यानोश वेरेस यांनी १९३० च्या दशकात क्षयरुग्णांच्या छातीत हवा सोडण्यासाठी तयार केली होती. पुढे हे तंत्र मुख्यतः स्त्रीरोगतज्ज्ञांनी जोपासले: पॅरिसमध्ये राऊल पामर, इंग्लंडमध्ये पॅट्रिक स्टेप्टो, जर्मनीतील कील येथे कुर्ट सेम. स्टेप्टो दुर्बिणीतून स्त्रीबीज काढत असत आणि त्याच वाटेने २५ जुलै १९७८ रोजी जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. सेम यांनी १९८० मध्ये अपेंडिक्सही दुर्बिणीतून काढले, तेव्हा सर्जन मंडळींनी त्यांच्यावर बरीच आगपाखड केली. अमेरिकेत हॅरी राइश यांनी १९८८ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाशय काढले. म्हणजे आज कोणी हे तंत्र प्रयोगावस्थेत आहे म्हणून घाबरवत असेल, तर त्यात तथ्य नाही. आणि कोणी त्याला चमत्कार म्हणत असेल, तर त्यातही नाही.

माझ्या मते या सेवेचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नसून सल्ल्याच्या खोलीत असतो. पहिल्यांदा मी जिथे गेले, तिथे सोनोग्राफीचा अहवाल उघडण्याआधीच शस्त्रक्रियेच्या तारखेची चर्चा सुरू झाली. छेद किती लहान असतील, दुसऱ्या दिवशी घरी कसे जाता येईल, हे सांगून झाले, परंतु शस्त्रक्रिया हवीच कशासाठी, हे कोणी सांगितले नाही. दुसऱ्या ठिकाणी क्रम उलटा होता. डॉक्टरांनी आधी पाळीचा त्रास किती, हिमोग्लोबिन किती, पुढे मूल हवे आहे का, हे विचारले. मग अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गर्भाशयाचा आडवा छेद काढला आणि त्यात पेनने गाठ रंगवली: ही आतल्या अस्तराकडे झुकलेली असती तर पोटाला हातही लावावा लागला नसता, योनिमार्गातून हिस्टेरोस्कोपने (गर्भाशयाच्या आत नेता येणाऱ्या दुर्बिणीने) काढता आली असती, ही बाहेरच्या बाजूला असती आणि त्रास देत नसती तर कदाचित नुसती लक्ष ठेवून सोडून दिली असती, ही भिंतीच्या मधोमध आहे, मोठी आहे आणि रक्तस्रावाने तुम्हाला पांढरे पाडते आहे, म्हणून काढायची. गोळ्यांचा, संप्रेरक सोडणाऱ्या कॉपर-टीसारख्या साधनाचा आणि रक्तवाहिनीत कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याचा पर्याय त्यांनी स्वतःहून मांडला आणि प्रत्येकाची मर्यादाही सांगितली. गाठी पुन्हा होऊ शकतात, हेही तिथेच सांगितले गेले. माझे हिमोग्लोबिन आधी शिरेवाटे लोह देऊन वाढवण्यात आले आणि त्यानंतरच तारीख ठरली. रक्त कमी असताना तातडी नसलेली शस्त्रक्रिया उरकून घेण्याची घाई करणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संमतिपत्राचे वाचन हा या सेवेतील उपेक्षित भाग आहे. ब्रिटनमधील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शनानुसार केवळ तपासणीसाठी केलेल्या लॅप्रोस्कोपीतही (पोटात दुर्बीण घालण्याच्या याच पद्धतीतही) साधारणतः हजारात दोन स्त्रियांना गंभीर गुंतागुंत होते; त्यात आतडे, मूत्राशय, मूत्रवाहिनी, मोठ्या रक्तवाहिन्या यांना होणाऱ्या इजांचा समावेश असतो. आत प्रत्यक्ष काही कापायचे-शिवायचे असेल, आधीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी पोटाच्या भिंतीला चिकटलेली असतील किंवा वजन फार जास्त असेल, तर धोका वाढतो. पहिली सुई किंवा नळी आत शिरते तो क्षण विशेष जोखमीचा असतो, म्हणून पूर्वी पोटावर मोठी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीत काही शल्यचिकित्सक बेंबी टाळून डाव्या बरगडीखालून, पामर यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या बिंदूतून प्रवेश करतात. जुन्या सीझरची किंवा अन्य शस्त्रक्रियेची माहिती, कितीही किरकोळ वाटली तरी, डॉक्टरांना स्वतःहून सांगावी ती यासाठी. संमतिपत्रात गरज पडल्यास पोट उघडण्याची परवानगीही असते. त्यावर माझे पेन थबकलेले पाहून डॉक्टर म्हणाले, “ओपन करावे लागले तर ते अपयश समजू नका. रक्त थांबत नसताना दुर्बिणीचाच हट्ट धरला, तर ते अपयश.” एवढ्या एका वाक्याने माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. घन आहार सहा तास आधी बंद, पाण्यासारखे स्वच्छ द्रव भूलतज्ज्ञ सांगतील तोपर्यंत चालतात. पायांना घट्ट मोजे, हातात सलाईन, मग भूल. एक मात्र ध्यानात ठेवावे: छेद लहान म्हणून भूल लहान नसते. श्वासनलिकेत नळी घालून दिलेली ती पूर्ण भूल असते. डोके खाली आणि पोटात दाब, अशा स्थितीत फुप्फुसांवर ताण येत असल्यामुळे भूलतज्ज्ञाचे काम उलट अधिक कसोटीचे असते. दमा, हृदयविकार, घोरणे, नियमित चालू असलेली औषधे हे सारे शल्यचिकित्सकाइतकेच भूलतज्ज्ञालाही सांगायचे असते.

नंतर मला शस्त्रक्रियेची चित्रफीत पाहायला मिळाली आणि छेदाची सगळी चर्चा किती वरवरची आहे ते तिथे उमगले. गुलाबी, गुळगुळीत गर्भाशयात रक्तवाहिन्या आकसवणारे औषध सुईने टोचताच तो भाग बघता बघता पांढराफटक पडतो. त्या पांढऱ्या भागावर चीर दिली जाते, आत मोतिया रंगाची टणक गाठ दिसते, तिच्यात स्क्रूसारखे उपकरण रुतवून ती ओढून धरतात आणि भोवतालच्या आवरणातून हळूहळू सोडवतात. गाठ सुटेपर्यंतचे काम माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर झाले. खरा वेळ गेला तो शिवण्यात. हातभर लांब चिमट्याने सुईत दोरा ओवावा, तशा कसरतीने गाठीची रिकामी झालेली खोल पोकळी आधी तळातून, मग मधून, मग वरून, अशी थराथराने बंद केली जाते. भविष्यात गर्भधारणा झाली तर हीच भिंत ताणली जाणार असते. वरवर एक थर ओढून घेतला आणि खाली पोकळी राहिली, तर ती जागा कच्ची राहते आणि गर्भारपणात किंवा कळांच्या वेळी गर्भाशय फाटण्याचा धोका वाढतो. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. गाठ काढण्यासाठी शल्यचिकित्सक निवडताना “तुम्ही दुर्बिणीतून करता का” हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे. आतून किती थर शिवता, अशा किती शस्त्रक्रिया नियमित करता, हे विचारल्याशिवाय तो पूर्ण होत नाही, आणि चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

सोडवलेली मोठी गाठ सेंटीमीटरभर छेदातून बाहेर कशी काढतात, हा प्रश्न रुग्णाला सुचतो, पण विचारायला संकोच वाटतो. तिचे तुकडे करावे लागतात. त्यासाठी विजेवर फिरणाऱ्या पात्याचे मॉर्सेलेटर नावाचे उपकरण वापरात आले आणि त्यावरून २०१४ मध्ये अमेरिकेत मोठा वाद झाला. फायब्रॉइड समजून काढलेल्या गाठीत क्वचित सार्कोमा हा कर्करोग दडलेला असतो आणि पोटातच उघड्यावर तुकडे केल्यास तो पसरू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या साधारण ३५० स्त्रियांपैकी एकीत असा अनपेक्षित सार्कोमा सापडतो, असा अंदाज देऊन या उपकरणावर कडक इशारा छापायला लावला. २०२० मध्ये त्याच प्रशासनाने तुकडे करायचेच असतील तर ते बंद पिशवीच्या आत करावेत, अशी शिफारस केली. प्रत्यक्ष धोका किती यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, परंतु वय पन्नाशीच्या पुढे असेल, पाळी गेल्यानंतर गाठ वाढत असेल किंवा एमआरआयमध्ये शंका असेल, तर तुकडे करणे टाळावे, यावर फारसे दुमत नाही. माझ्या बाबतीत गाठ पिशवीत घेऊन काढली जाईल, हे आधीच सांगितले गेले होते. हे न सांगणारी सेवा मी अपुरी समजेन, मग तिथले छेद कितीही सुबक असोत.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. पोटात राहिलेला वायू श्वासपटलाला डिवचतो आणि त्याच्या नसेचा मणक्यातील उगम खांद्याच्या नसांजवळ असल्यामुळे मेंदूला ती वेदना खांद्यातून आल्यासारखी भासते. हे कारण मला माहीत होते, तरी प्रत्यक्षात त्या कळेने दचकायला झाले. “ताई, हा गॅसचा त्रास आहे, बसून राहण्यापेक्षा जरा चाला, कमी होईल,” असे परिचारिकेने सांगितले आणि तिचे म्हणणे बरोबर निघाले. एक-दोन दिवसांत तो वायू शरीरात शोषला जातो. लघवीची नळी त्याच दिवशी काढली गेली, संध्याकाळी पाणी आणि हलके खाणे सुरू झाले, आणि चालणे तर त्याही आधी. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेशी तुलना करता या टप्प्यावर दुर्बिणीची पद्धत निर्विवाद सरस आहे: खोकताना पोट धरावे लागते, पण जीव जात नाही; उठताना आधार लागतो, पण दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकावा लागत नाही.

या सुखकर सुरुवातीतच या सेवेतला माझ्या मते सर्वांत मोठा दोष दडलेला आहे. कातडीवरचे टाके आठवडाभरात सुकतात, आरशात पोट जवळजवळ पूर्वीसारखे दिसते, घरचे लोक “काही झालेच नाही” असे समजून वागू लागतात, आणि रुग्णालाही तसेच वाटू लागते. आत मात्र गर्भाशयाची जखम आपल्या गतीनेच भरत असते. निव्वळ तपासणीची लॅप्रोस्कोपी असेल तर आठवडाभरात कामावर जाता येते; गर्भाशय काढले असेल तर चार ते सहा आठवडे जड उचलणे टाळावे लागते. मला हे नियम सुट्टीच्या कागदावर छापील ओळींत मिळाले, पण माझ्या शस्त्रक्रियेला त्यातले काय लागू आहे, हे खूण करून कोणी दाखवले नाही. एकच कागद सगळ्यांना देण्याची ही सवय आळसाची आहे.

त्याहून गंभीर बाब अशी, की आतड्याला झालेली इजा काही वेळा शस्त्रक्रियेच्या वेळी लक्षात येत नाही. विजेच्या उपकरणाचा चटका बसलेला भाग तर काही दिवसांनी फाटतो, तोवर रुग्ण घरी पोहोचलेली असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा जायला हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेदना वाढत असतील, पोट फुगत असेल, ताप, उलट्या किंवा धाप लागत असेल, वायू सरत नसेल, लघवी कमी होत असेल, तर तो गॅसचा त्रास समजून ओव्याच्या पाण्यावर भागवायचे नसते, त्याच दिवशी रुग्णालयात परतायचे असते. हे वाक्य सुट्टीच्या कागदावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल अशा फोन क्रमांकासह असायला हवे. माझ्या कागदावर ते खालून दुसऱ्या ओळीत होते, त्याखाली बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा होत्या, आणि रात्री कुणाला गाठायचे याचा पत्ता नव्हता. शस्त्रक्रियेला मी पूर्ण गुण देईन. या कागदाला देणार नाही.

गर्भाशय पूर्ण काढण्याच्या बाबतीत दुर्बिणीचा आग्रह कधीकधी अवाजवी होतो, असे मला अभ्यासान्ती वाटते. कर्करोग नसताना गर्भाशय काढायचे असेल आणि ते योनिमार्गातून काढणे शक्य असेल, तर तोच मार्ग प्रथम विचारात घ्यावा, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सांगते आणि वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या पुरावा-परीक्षणाचा कलही तिकडेच आहे. त्यात पोटावर एकही छेद नसतो, खर्चिक उपकरणे लागत नाहीत आणि बरे होण्याचा काळही कमी असतो. ही जुनी पद्धत मागे पडली, याचे एक कारण ती शिकवणारे कमी झाले हेही आहे. गर्भाशय फार मोठे असेल, आत चिकटलेले असेल किंवा अंडाशयाच्या बाजूलाही काम असेल, तेव्हा दुर्बिणीचा पर्याय पोट उघडण्यापेक्षा नक्कीच चांगला. तिथेही मूत्रवाहिनीची भीती असतेच, कारण ती गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर अंतरावरून जाते. योनीच्या वरच्या टोकाला घातलेली शिवण उसवण्याचा धोका दुर्बिणीच्या पद्धतीत किंचित अधिक आढळलेला आहे. म्हणून डॉक्टर तपासून परवानगी देईपर्यंत शरीरसंबंध टाळण्याची सूचना शब्दशः पाळायची असते. संकोचापोटी हा विषय पतीपर्यंत पोहोचत नाही आणि त्रास स्त्रीला होतो, म्हणून ही सूचना दोघांना समोर बसवून द्यावी.

अंडाशयाच्या बाबतीत दुर्बिणीचे महत्त्व वादातीत आहे. गाठीमुळे अंडाशयाला पीळ पडला असेल तर वेळेत पीळ सोडवून, वरून काळेनिळे दिसणारे अंडाशयही अनेकदा वाचवता येते. गर्भ बीजवाहक नलिकेत रुजला असेल तर दुर्बिणीतून ती नलिका काढून किंवा उघडून स्त्रीचा जीव वाचवला जातो. एंडोमेट्रिओसिसच्या चॉकलेट सिस्टचे (अंडाशयातील जुन्या रक्ताने भरलेल्या गाठीचे) गणित मात्र वेगळे आहे. सिस्टची भिंत सोलताना तिला चिकटलेले निरोगी ऊतकही निघून येते आणि स्त्रीबीजांचा साठा घटतो; मूल हवे असलेल्या स्त्रीने एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक) तपासून, शस्त्रक्रिया आधी की गर्भधारणेचे उपचार आधी, हे ठरवूनच टेबलावर जावे. शिवाय “नुसते आत पाहून निदान करू” म्हणून केलेल्या लॅप्रोस्कोपीची गरजही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. युरोपातील प्रजननवैद्यक संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिला निदानाची अंतिम कसोटी मानणे सोडले असून, स्कॅनमध्ये काही दिसत नाही किंवा औषधांनी गुण येत नाही, अशांपुरतीच ती सुचवली आहे.

कर्करोगात तर लहान छेद कधी उपकारक आणि कधी घातक ठरतो, याचे एकमेकांच्या विरुद्ध दोन धडे मिळालेले आहेत. गर्भाशयाच्या अस्तराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात दुर्बिणीची शस्त्रक्रिया स्वीकारार्ह ठरली आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उलटे घडले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या साहाय्याने मूलगामी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८६ टक्के होते, तर पोट उघडून केलेल्यांत ते ९६.५ टक्के होते. व्रणाच्या लांबीवरून पद्धत निवडणाऱ्याला याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही. अंडाशयाची गाठ संशयास्पद असेल तर तीही फुटू न देता अखंड काढणे आवश्यक असते, आणि त्यासाठी पोट उघडावे लागले तर उघडावे.

रोबोटबद्दल वेगळे प्रकरण लिहिण्याची गरज मला वाटत नाही. शल्यचिकित्सकाचे हात अधिक स्थिर होतात, शिवणे सोपे जाते, पण कर्करोग नसलेल्या साध्या आजारांत रुग्णाला नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा ठळकपणे अधिक फायदा होतो, असे सिद्ध झालेले नाही. खर्च मात्र ठळकपणे अधिक असतो. यंत्र कोणते आहे यापेक्षा ते चालवणारे हात कोणाचे आहेत, हेच विचारावे.

रुग्णालय सोडताना मिळणाऱ्या कागदांपैकी दोन जपून ठेवायचे असतात आणि तेच बहुधा मागावे लागतात. एक म्हणजे काढलेल्या ऊतकाचा पॅथॉलॉजीचा अहवाल, जो सुट्टीनंतर काही दिवसांनी येतो आणि ज्याची चौकशी न करता अनेक जणी तशाच राहतात. दुसरा शस्त्रक्रियेचा सविस्तर तपशील: किती गाठी, कोठे, किती थर शिवले, आणि गर्भाशयाची आतली पोकळी उघडली गेली होती का. माझ्या सुट्टीच्या कागदावर यातला शेवटचा मुद्दा नव्हता; मी विचारल्यावर डॉक्टरांनी तो हाताने लिहून दिला आणि खाली सही केली. पुढे गर्भधारणा झाली तर ती किती महिन्यांनी होऊ द्यायची आणि प्रसूती नैसर्गिक की सीझरने, हे त्या वेळचे डॉक्टर त्या एका ओळीवरून ठरवतील, आणि तोवर हे डॉक्टर त्याच रुग्णालयात असतीलच असे नाही.